विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर : पडद्यावर गडबड दिसली तर

मागच्या दोन भागांत आपण जुन्या लॅपटॉपवर लिनक्स कसे बसवायचे ते पाहिले. त्यानंतर बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा सगळीकडून विचारणा आली, आणि तिचा सूर जवळजवळ एकच होता : "सर, आमचा विंडोजचा प्रोग्राम लिनक्सवर सुरू होतो, पण दिसत नाही नीट." कुणाची विंडो काळी पडते, कुणाचा मेनू भलत्याच कोपऱ्यात उघडतो, कुणाला खालचे ‘ओके’ बटणच सापडत नाही. आणि आपल्या मराठी मंडळींची खास तक्रार म्हणजे मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. आजचा भाग या दिसण्याच्या गडबडींबद्दल आहे.

हा विषय आताच का, तेही सांगतो. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा मोफत आधार थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे 2014-15 साली घेतलेला, आजही ठणठणीत चालणारा संगणक कागदोपत्री बाद झाला. अशा यंत्रावर लिनक्स मिंट आरामात चालते. इंटरनेट, मेल, पत्रलेखन, हिशेब या सगळ्याला लिनक्सचे स्वतःचे प्रोग्राम आहेत. अडते ते जुन्या कामापाशी.

मराठी घरांत हे जुने काम म्हणजे काय? साधारण 1995 ते 2010 या काळात श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव अशा व्यवस्थांमध्ये टाइप केलेला आणि बऱ्याचदा पेजमेकरमध्ये जुळवलेला मजकूर. आजोबांच्या आठवणी, कुळाची वंशावळ, संस्थेची घटना, मंडळाच्या स्मरणिका. इथे जयपूरला आमच्या मराठी परिचितांपैकी एका घरात गणेशोत्सवाच्या जुन्या स्मरणिकांच्या फाइली एका सीडीवर होत्या. त्यात ज्यांचे लेख आहेत त्यांतले निम्मे लोक आज नाहीत, आणि छापील प्रती कुणाकडेच पुऱ्या नाहीत. फाइल उघडली आणि पडद्यावर चिवडा दिसला की घरातली तरुण मंडळी म्हणतात, "काका, हे करप्ट झालंय, डिलीट करू का?" बहुतेक वेळा ते करप्ट झालेले नसते. दिसण्यात बिघाड आणि मजकुरात बिघाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या भागातून एवढा फरक जरी ओळखता आला, तरी पुष्कळ काम वाचेल.

आधी हे सगळे चालते कसे ते थोडक्यात. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या व्यवस्थेचे नाव वाइन. हे काम 1993 मध्ये सुरू झाले आणि त्याची 1.0 आवृत्ती 2008 च्या जूनमध्ये आली, म्हणजे पंधरा वर्षे लागली. वाइन म्हणजे संगणकात बसवलेला दुसरा विंडोज संगणक नव्हे. वाइन हा दुभाषी आहे. प्रोग्राम विंडोजच्या भाषेत म्हणतो, "इथे इतकी रुंद चौकट काढ, तिच्यात अमुक फाँटमध्ये हे अक्षर लिही." वाइन ते ऐकते आणि लिनक्सला त्याच्या भाषेत सांगते. त्यामुळे विंडोजची प्रत किंवा परवाना लागत नाही, आणि जुना संगणकही दमत नाही. पण दुभाष्याला एखादा शब्द नीट कळला नाही, किंवा समोरच्याकडे ती वस्तूच नसली, की गडबड दिसते. अक्षर, आकार, चौकट आणि चित्र या चार ठिकाणी ती दिसू शकते. यातले कोणते ठिकाण बिघडले हे ओळखणे म्हणजे निम्मे काम.

मी तोफखान्याचा माणूस. आमच्याकडे नेम साधताना सगळी बॅटरी एकदम डागत नाहीत. एक तोफ डागायची, गोळा कुठे पडला ते पाहायचे, दुरुस्ती द्यायची, पुन्हा एक. इथेही तसेच करा. एका वेळी एकच सेटिंग बदला, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा, पाहा आणि वहीत लिहा. इंटरनेटवरचे पाच उपाय एकदम करणाऱ्याला शेवटी कशाने फरक पडला तेच कळत नाही.

दुसरी शिस्त सामानाची. वाइन सगळे प्रोग्राम आपण होऊन एकाच फोल्डरमध्ये ठेवते. या फोल्डरला प्रीफिक्स म्हणतात. त्यात विंडोजसारखी सी ड्राइव्ह असते, रजिस्ट्री असते, फाँट असतात. प्रत्येक जुन्या प्रोग्रामला स्वतंत्र प्रीफिक्स द्या. फौजेत प्रत्येकाची काळी ट्रंक वेगळी असते आणि तिच्यावर नाव रंगवलेले असते, तसे. एका प्रोग्रामसाठी केलेला उपाय दुसऱ्याला मारक ठरू शकतो. ज्यांना टर्मिनलची भीती वाटते त्यांच्यासाठी ‘बॉटल्स’ नावाचा प्रोग्राम हेच काम बटणांवर करून देतो. आणि जुन्या फाइलींची प्रत आधी पेन ड्राइव्हवर काढून तो पेन ड्राइव्ह कपाटात ठेवा. प्रयोग नेहमी दुसऱ्या प्रतीवर करायचे.

आता अक्षरांकडे येऊ. आपल्यासाठी हाच मोठा भाग आहे, म्हणून इथे जरा थांबू.

युनिकोडच्या आधीचे बहुतेक मराठी फाँट एक युक्ती करत. संगणकाला फक्त इंग्रजी अक्षरे आणि काही चिन्हे माहीत होती, 256 घरांचा तक्ता. फाँट बनवणाऱ्यांनी त्या घरांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले : अर्धा क, काना, वेलांटी, रफार. कृतिदेवचे उदाहरण घ्या. त्यात ‘राम’ हा शब्द फाइलमध्ये जे, के आणि ई या तीन इंग्रजी अक्षरांनी साठवलेला असतो. जे म्हणजे र, के म्हणजे काना, ई म्हणजे म. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच, ‘राम’ दिसतो तो केवळ फाँटमुळे. इथे जयपूरला हिंदी टंकलेखकांच्या टेबलांवर कृतिदेव आणि देवलिस अजून दिसतात, तिथेही हाच प्रकार. त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसणारच. मजकूर जागेवर आहे, फक्त त्याचा चेहरा गेला आहे.

उपाय सोपा आहे. तुमच्या जुन्या विंडोज संगणकातून, किंवा विकत घेतलेल्या मूळ सीडीवरून, तेच फाँट काढा आणि प्रीफिक्सच्या सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात जे फाँट्स फोल्डर आहे तिथे ठेवा. नावात थोडासाही फरक चालत नाही. एकाच घराण्याच्या दोन फाँटांत घरांची मांडणी वेगळी असू शकते, आणि एका कंपनीच्या फाँटवर दुसऱ्या कंपनीचा मजकूर तर उमटणारच नाही. फाइलमध्ये कोणता फाँट वापरला आहे हे माहीत नसेल, तर चिवड्यातला एखादा शब्द निवडा आणि फाँटच्या चौकटीत कोणते नाव दिसते ते वाचा. फाँट हजर नसला तरी त्याचे नाव बहुधा फाइलमध्ये लिहिलेले असते.

फाँट टाकूनही काही अक्षरे बरोबर आणि काही चूक दिसत असतील, तर प्रश्न वेगळा आहे. 256 घरांपैकी पहिली 128 सगळीकडे सारखी असतात. पुढच्या 128 घरांचा अर्थ ‘कोडपेज’ नावाच्या तक्त्यावर ठरतो, आणि वाइन तो तक्ता तुमच्या लिनक्सच्या भाषेच्या सेटिंगवरून निवडते. जुने मराठी फाँट बहुतेक पश्चिम युरोपीय तक्ता, म्हणजे 1252, गृहीत धरून बनवलेले आहेत. तुम्ही लिनक्स मराठीत किंवा हिंदीत ठेवले असेल, तर दुभाष्याच्या हाती भलताच तक्ता येऊ शकतो. गंमत पाहा, मराठी दिसावे म्हणून इथे इंग्रजीकडे जावे लागते! वाइनचे सगळे प्रोग्राम बंद करा. मग टर्मिनलमध्ये प्रोग्रामच्या आदेशाच्या आधी ‘एलसी अंडरस्कोर ऑल’ ही खूण मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहा, बरोबरचे चिन्ह द्या, पुढे ‘ईएन अंडरस्कोर यूएस डॉट यूटीएफ-8’ लिहा आणि प्रोग्राम सुरू करा. बाकीचे लिनक्स मराठीतच राहते, तेवढा एक प्रोग्राम इंग्रजी वातावरणात चालतो.

आता सावधगिरीची जागा. पडद्यावर वेगवेगळी इंग्रजी अक्षरे दिसत असतील तर निर्धास्त राहा, फाँट मिळाला की काम झाले. रिकाम्या चौकटी दिसत असतील, तर बहुधा त्या अक्षराचे चित्र फाँटमध्ये नाही, मजकूर तरीही शाबूत असतो. पण एकामागून एक प्रश्नचिन्हे दिसू लागली तर हात मागे घ्या. प्रश्नचिन्हाचा अर्थ असा की तक्ता बदलताना त्या अक्षराचे भाषांतर जमले नाही आणि त्याच्या जागी खूण टाकली गेली. अशा स्थितीत ‘सेव्ह’ केले तर ती प्रश्नचिन्हेच फाइलमध्ये लिहिली जातील, आणि मग कोणताही फाँट ती परत आणू शकत नाही. सेव्ह न करता बंद करा. मजकूर कॉपी करून दुसऱ्या प्रोग्राममध्ये चिकटवतानाही हे घडते, तेव्हा तिथेही डोळे उघडे ठेवा.

युनिकोडमधल्या मराठीची तक्रार याच्या उलट असते. तिथे अक्षरे बरोबर असतात, पण वेलांटी व्यंजनाच्या नंतर पडते, जोडाक्षर फुटते, पायमोडका हलन्त दिसतो. देवनागरी जुळवण्यासाठी विंडोजमध्ये वेगळा घटक असतो. वाइनमध्ये त्याची स्वतःची आवृत्ती आहे, पण प्रत्येक प्रोग्राम त्या वाटेने जातोच असे नाही. साध्या चौकटीत थेट अक्षरे लिहिणाऱ्या जुन्या प्रोग्रामांत ही फूट दिसते. त्या फाइली लिबरऑफिससारख्या लिनक्सच्याच प्रोग्राममध्ये उघडून पाहा. तिथे त्या नीट दिसल्या तर वाइनशी झगडण्याचे कारणच उरत नाही. फाइलमध्ये मंगल फाँटचे नाव असेल आणि तो तुमच्याकडे नसेल, तर वाइनच्या रजिस्ट्रीत फाँट बदलीची एक जागा असते, तिथे मंगलच्या जागी लोहित किंवा नोटो देवनागरी लिहिता येतो. ‘कोअरफाँट्स’ बसवून मराठी येते असा समज आहे. त्यात एरियल, टाइम्स, व्हर्डाना वगैरे येतात, देवनागरी येत नाही.

आकार आणि चौकटीचे काम लवकर उरकते. वाइनची सेटिंग पाहण्यासाठी टर्मिनलमध्ये ‘वाइनसीएफजी’ हा आदेश लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करा. उघडणाऱ्या विंडोत ‘ग्राफिक्स’ हे पान आहे, तिथे खाली ‘स्क्रीन रेझोल्यूशन’ची सरकपट्टी दिसेल. तिचा मूळ आकडा 96. नव्या दाट पडद्यावर प्रोग्राम मुंगीएवढा दिसत असेल तर 120 किंवा 144 करून पाहा. उलट, अक्षरे चौकटीबाहेर सांडत असतील, बटणावरचे शब्द कापले जात असतील, तर तो पुन्हा 96 वर आणा. जुन्या प्रोग्रामांच्या चौकटी पक्क्या मापाने आखलेल्या असतात, अक्षर मोठे केले तरी चौकट वाढत नाही. आमच्या वयाच्या लोकांना बारीक अक्षरांचा त्रास होतो, मान्य. पण अशा वेळी लिनक्सचे पडदा मोठा करून दाखवणारे भिंग जास्त उपयोगी पडते.

त्याच पानावर ‘एम्युलेट अ व्हर्च्युअल डेस्कटॉप’ अशी एक खूण आहे. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गडबडी या एका खुणेने मिटतात. ती लावून समोर 1024 आणि 768 हे आकडे भरा. आता प्रोग्राम आणि त्याचे सगळे मेनू, उपचौकटी एकाच मोठ्या विंडोच्या आत राहतात. मेनू भलतीकडे उघडणे, प्रश्न विचारणारी छोटी चौकट मुख्य विंडोच्या मागे दडणे आणि त्यामुळे प्रोग्राम अडकल्यासारखा वाटणे, खेळ बंद केल्यावर सगळा डेस्कटॉपच लहान राहणे, हे प्रकार यामुळे बहुधा थांबतात. कारण सरळ आहे : एरवी विंडो कुठे ठेवायची यावर लिनक्सचा विंडो मॅनेजर आणि प्रोग्राम यांची ओढाताण चालते, इथे प्रोग्रामला स्वतःचे अंगण मिळते. तरी शीर्षकपट्टी दोनदा दिसत असेल किंवा नाहीशी होत असेल, तर वरची ‘अलाउ द विंडो मॅनेजर’ अशी सुरुवात असलेल्या दोन खुणा एकेक करून काढून पाहा. हे सगळे एका प्रोग्रामपुरतेही करता येते. पहिल्या पानावर ‘अ‍ॅड अ‍ॅप्लिकेशन’ने तो प्रोग्राम निवडा आणि मग सेटिंग बदला.

राहिले चित्र : काळी विंडो, लुकलुकणे, मागच्या पानाची अक्षरे पुसली न जाता साचत जाणे. इथे पहिली चाचणी फुकट आहे. गडबड दिसत असतानाच पडद्याचा फोटो घ्या, म्हणजे कीबोर्डवरचे प्रिंट स्क्रीन बटण दाबा. मोबाइलने नव्हे. त्या चित्रात गडबड दिसली, तर ती प्रोग्राम, वाइन किंवा चित्र जुळवणाऱ्या थरात आहे. चित्र स्वच्छ आले आणि पडद्यावर मात्र रेघा आहेत, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, केबल किंवा मॉनिटर तपासा. वाइनला बोल लावण्यात अर्थ नाही.

वाइनचीच गडबड ठरली, तर विनेट्रिक्स नावाचा मदतनीस प्रोग्राम घ्या. त्याच्या सेटिंगमध्ये ‘रेंडरर’चे पर्याय आहेत : जीएल, व्हल्कन, जीडीआय आणि नो-थ्रीडी. विंडोजचे प्रोग्राम डायरेक्ट थ्रीडी या पद्धतीने चित्र काढतात. लिनक्सकडे ती पद्धत नाही, म्हणून वाइन ती ओपनजीएल किंवा व्हल्कनमध्ये बदलते. हिशेबाच्या किंवा पानजुळणीच्या जुन्या प्रोग्रामला थ्रीडीची गरज नसते, त्याला जीडीआय किंवा नो-थ्रीडी देऊन पाहायला हरकत नाही. इंटरनेटवर सर्रास ‘डीएक्सव्हीके बसवा’ असे सांगतात. नव्या यंत्रावर खेळांसाठी ते उत्तम आहे. पण डीएक्सव्हीके 2.0 पासून व्हल्कन 1.3 लागते, आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या अनेक लॅपटॉपांची ग्राफिक्स तितके देऊ शकत नाहीत. अशा यंत्रावर ते बसवले की विंडो काळी पडते किंवा उघडतच नाही. आपला बराचसा श्रोतृवर्ग जुनी यंत्रे वापरणारा आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

लुकलुकण्याचे आणखी एक कारण वेलँड. लिनक्सवर पडदा हाताळणारी एक्स-11 ही जुनी व्यवस्था मागे पडते आहे आणि वेलँड पुढे येते आहे. वाइनमध्ये वेलँडची सोय 2024 च्या 9.0 आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आली. तुमच्या लिनक्समध्ये लॉगिनच्या वेळी एक्सऑर्ग निवडता येत असेल, तर त्यात जाऊन तोच प्रोग्राम उघडून पाहा. लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती मुळातच एक्स-11 वर चालते. जुन्या कामासाठी मी ती सुचवतो त्याचे हे एक कारण.

कुठे थांबायचे तेही ठरवून ठेवा. वाइनएचक्यूच्या संकेतस्थळावर प्रोग्रामांची यादी आहे. तिथे लोकांनी आपापल्या अनुभवावरून प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि शेवटी गार्बेज, म्हणजे कचरा, असे शेरे दिले आहेत. तुमच्या प्रोग्रामला शेवटचा शेरा असेल तर आठवडा वाया घालवू नका. तसेच, जुन्या मराठी प्रकाशनाच्या काही पॅकेजांना डाँगल लागतो, म्हणजे संगणकाच्या मागे खोचायची चावी. तिचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो, आणि दुभाष्याला तिथे सहसा प्रवेश नसतो. अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्समध्ये तुमची परवान्याची जुनी विंडोज बसवा, इंटरनेट तोडून ठेवा आणि यूएसबीची चावी तिला जोडून द्या. यंत्र थोडे जड चालेल, पण दिसण्याची कटकट उरणार नाही, कारण तिथे खरी विंडोजच चाललेली असते.

आणि काही वेळा प्रोग्रामची गरजच नसते. पेजमेकरच्या फाइली लिबरऑफिस ड्रॉमध्ये 4.4 आवृत्तीपासून उघडता येतात. मांडणी थोडी हलते, पण मजकूर हाती येतो. त्या स्मरणिकांच्या बाबतीत आम्ही हेच केले. लिनक्सवर जुने फाँट बसवले, फाइली ड्रॉमध्ये उघडल्या. चार पानांवर चित्रे सरकली होती, मजकूर पूर्ण होता. प्रत्येक अंकाची पीडीएफ काढली, तिच्यात फाँट सोबतच बांधले जातात, त्यामुळे ती मोबाइलवरही तशीच दिसते. तुमचा प्रोग्राम वाइनमध्ये एकदाचा नीट दिसू लागला, की त्याच बैठकीत प्रत्येक फाइलची पीडीएफ छापून घ्या. लिनक्सवर पीडीएफचा छापखाना नसेल तर तो सहज बसवता येतो. पीडीएफमध्ये जुळणी बरोबर आली आणि पडद्यावर थोडी वेडीवाकडी राहिली, तर पडद्याचा नाद सोडा.

पीडीएफमधला जुना मजकूर मात्र शोधता येत नाही, कारण आत अजूनही जे, के आणि ई हीच अक्षरे असतात. ‘राम’ शोधलात तर सापडणार नाही. तो युनिकोडमध्ये कसा आणायचा, रूपांतरात र आणि ऱ्हस्व वेलांटी कुठे घसरतात, आणि तपासणी कुणी कशी करायची, ते पुढच्या भागात. तोवर ज्यांच्याकडे अशा फाइली आहेत त्यांनी फाँटच्या सीड्या शोधून ठेवा.